शशकातील अस्थिर तारा

'देवाचा डोळा, तीन हजार वर्षांतून एकदाच दिसतो' अशा मजकुराचे एक छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. ते कुंभ राशीतील हेलिक्स या बिंबाभ्रिकेचे, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील ताऱ्याने सोडलेल्या चमकत्या वायूच्या ढगाचे, छायाचित्र असून ती अभ्रिका दूरदर्शीतून दरवर्षी पाहता येते. तिच्याकडे इच्छा मागण्यात काहीही अर्थ नाही. अशी अभ्रिका बनते तेव्हा सूर्यासारखा तारा अखेरीस आपले बाह्य थर अवकाशात सोडतो आणि उघडा पडलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो. अभ्रिकेच्या केंद्रात ठिपक्यासारखा दिसणारा हा गाभा मात्र खरोखर निरखण्याजोगा असतो, विशेषतः अभ्रिका तरुण असताना.

मृग नक्षत्राच्या दक्षिणेस शशक तारकासमूहात आयसी ४१८ ही अशीच एक तरुण बिंबाभ्रिका आहे. तिच्या केंद्रातील ताऱ्याचे पृष्ठभागीय तापमान सुमारे ३६,००० केल्विन, म्हणजे सूर्याच्या सहापट आहे. त्याचे तेज सुमारे साडेसहा तासांच्या अंतराने कमी-अधिक होते, आणि त्याच वेळी काही दिवसांच्या काळात अनियमितपणेही बदलते. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असते तर हा बदल घड्याळाच्या काट्यासारखा झाला असता. तसा तो होत नाही.

संशयाची सुई वळते ती ताऱ्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याकडे, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून बाहेर पडणाऱ्या वायूच्या प्रवाहाकडे. या ताऱ्याचा बहुतांश प्रकाश अतिनील आहे. या वायूतील कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे आयन (विद्युतभारित अणू) ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात आणि प्रत्येक शोषणासरशी बाहेरच्या दिशेने हलका धक्का खातात. खालच्या थरातील आयनांनी तो प्रकाश आधीच शोषला असेल, तर वरच्या आयनाच्या वाट्याला त्यांची सावलीच येते. पण हा आयन जरा अधिक वेगाने बाहेर निघाला की डॉप्लर परिणामामुळे (गतीमुळे तरंगलांबी बदललेली भासण्यामुळे) ताऱ्याचा प्रकाश त्याला किंचित तांबड्या बाजूला सरकलेला भासतो. त्यामुळे मुळात थोडा निळसर असलेला, खालच्यांनी न शोषलेला प्रकाश त्याच्या शोषणरेषेत, म्हणजे तो शोषू शकतो त्या तरंगलांबीत, येऊन बसतो. धक्का वाढतो, त्याने वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगामुळे आणखी ताजा प्रकाश हाती लागतो. वारा सेकंदाला शेकडो किलोमीटरचा वेग गाठतो तो यामुळेच, आणि तो एकसंध राहत नाही तोही यामुळेच, कारण वेगातली बारीकशी वाढसुद्धा फोफावत जाऊन वायूच्या गाठी बनतात. वाऱ्याच्या तळाशी वायू किती दाट आहे यावर आपल्यापर्यंत कोणत्या थरातला प्रकाश पोचतो हे ठरते, म्हणून वाऱ्याचा ओघ बदलला की तेजही बदलते. हा ओघ हलवणारे मूळ कारण ताऱ्याचे स्वतःचे स्पंदन (फुगणे-आकसणे) असावे, हा विचारही अभ्यासकांनी मांडला आहे.

हे बदल मोजणे सोपे नाही. हवेच्या थरथरीमुळे अभ्रिकेचा प्रकाश ताऱ्याच्या प्रकाशात मिसळतो, म्हणून अभ्रिकेच्या ठळक वर्णरेषा (ती ज्या ठरावीक तरंगलांबींत चमकते त्या) टाळणारे अरुंद पट्ट्याचे गाळणे लावावे लागते. शिवाय साडेसहा तासांचे एक-दीड आवर्तन होते न होते तोच उजाडते. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ गेराल्ड हँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात वेगवेगळ्या ठिकाणच्या वेधशाळांतून या एकाच ताऱ्याचे वेध घेतले, आणि एका ठिकाणी मावळणारा तारा दुसरीकडच्या दुर्बिणीच्या हवाली होत राहिला.