सेटिंग्जच्या फाइली : वाचण्याची सोय आणि परत लिहिण्याची अडचण

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिताना अडत, हमाली आणि तोलाई यांचे दर कोडमध्येच घालून चालत नाही, कारण ते बदलतात आणि दिवाणजींना ते स्वतः बदलता यावे लागतात. म्हणून असे दर वेगळ्या मजकूर-फाइलीत ठेवून एखाद्या छोट्या लायब्ररीकडून, म्हणजे तयार कोडच्या संचाकडून, वाचून घेण्याची पद्धत रूढ झाली.

विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे काम आयएनआय फाइली करीत. चौकटी कंसात विभागाचे नाव आणि त्याखाली ‘नाव = मूल्य’ अशा ओळी, एवढाच त्यांचा थाट. विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीवर, म्हणजे सेटिंग्जच्या एकत्रित साठ्यावर, भर दिला, तरी नोटपॅडमध्ये उघडणारी ही साधी फाइल टिकून राहिली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची कॉन्फिगपार्सर लायब्ररी ती आजही वाचते. मात्र तिच्याकडूनच फाइल परत लिहून घेतली की टिपा, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या आणि प्रोग्राम वगळतो त्या ओळी, गळून पडतात. दिवाणजींनी अर्धविराम देऊन लिहिलेली ‘दिवाळीनंतर हमाली बदलणे’ ही ओळ प्रोग्रामने एखादा दर बदलताच नाहीशी होते. प्रोग्रामचे त्यात काहीच अडत नाही, दिवाणजींचे अडते.

१९९८ मध्ये प्रमाणित झालेले एक्सएमएल हे मजकूर-फाइलीचे स्वरूप हाताने लिहायला कंटाळवाणे होते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेले जेसन सुटसुटीत निघाले, पण टिपांचा वापर पार्सरला (फाइल वाचून उलगडणाऱ्या कोडला) सूचना देण्यासाठी होऊ लागल्याचे पाहून त्यांनी टिपा मुद्दाम वगळल्या. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ते ठीकच. सेटिंग्जसाठी, माझ्या मते, गैरसोयीचे.

२००१ मध्ये आलेल्या यॅमलने टिपा ठेवल्या, पण मूल्याचा प्रकार स्वतःच ओळखण्याची हौस अंगाशी आली. ट्रकच्या नोंदीसाठी आरटीओचे क्रमांक अवतरणचिन्हांविना लिहून पाहावेत : पायवायएमएल लायब्ररी सिंधुदुर्गचा ०७ हा अष्टमान (० ते ७ एवढेच अंक असलेल्या पद्धतीतील) अंक समजून ७ करते, तर कोल्हापूरचा ०९ अष्टमानात बसत नसल्याने मजकूर म्हणून तसाच ठेवते. शेजारच्या दोन जिल्ह्यांना दोन न्याय!

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या टॉमलमध्ये असा अंदाज नाही. तिथे शून्याने सुरू होणारा पूर्णांक ही सरळ चूक ठरते. त्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि २०२२ च्या पायथन ३.११ मध्ये टॉमललिब दाखल झाली, तीही केवळ वाचणारी. लिहिताना मांडणी कशी असावी आणि टिपा कशा सांभाळाव्यात, हे प्रश्न गाभ्यातील लायब्ररीत न सोडवता बाहेर ठेवले गेले. ते काम टॉमलकिट करते : मोकळ्या जागा आणि टिपा जिथल्या तिथे ठेवून ती फक्त बदललेले मूल्य लिहिते. टॉमल १.० मध्ये ‘हमाली’ हे नाव देवनागरीत हवे असेल तर अवतरणचिन्हांत घालावे लागते; दिवाणजींची टीप मात्र मराठीत जशीच्या तशी चालते.