रक्तातील शिसे (व्यावसायिक)

बॅटऱ्या बनवणे अथवा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणे यांसारख्या धंद्यांतील कामगाराच्या शरीरात अलीकडे किती शिसे गेले, याचा अंदाज देणारा दर्शक. दर १०० मिलिलिटर रक्तामागे मायक्रोग्रॅममध्ये तो मोजतात.

शिशाच्या विषबाधेच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय पुष्कळदा प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीझला दिले जाते. मात्र त्याच्या नावे असलेल्या ग्रंथांतील उताऱ्यात धातुकामाशी संबंधित माणसाचे पोटाचे दुखणे आढळते, शिशाचा उल्लेख आढळत नाही. म्हणून साधारणतः इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक कवी निकँडरने केलेले सफेत्याच्या (शिशापासूनच्या पांढऱ्या रंगद्रव्याच्या) विषाचे वर्णन अधिक विश्वसनीय मानणे युक्त ठरते. कुंभारांना झिलईतील शिशामुळे होणारे विकार इटालियन वैद्य रामाझ्झीनीने १७०० मध्ये नोंदवले, तर हिरड्यांवरील निळसर रेषेकडे इंग्रज डॉक्टर बर्टनने १८४० मध्ये लक्ष वेधले.

रक्तातील शिशाचा बहुतेक भाग तांबड्या पेशींत असतो आणि सुमारे महिनाभरात तो निम्मा होतो. हाडांत साठलेले शिसे मात्र दशकानुदशके टिकून हळूहळू रक्तात उतरत राहते. त्यामुळे काही आठवड्यांच्या रजेनंतर आलेला कमी आकडा फसवा असू शकतो; एका तपासणीपेक्षा तपासण्यांची मालिका अधिक बोलकी असते. शिसे हीमच्या (हीमोग्लोबिनमधील लोहयुक्त घटकाच्या) घडणीतील एंझाइमांना अटकाव करते. शेवटच्या टप्प्यात लोहाची जागा जस्त घेते व झिंक प्रोटोपॉर्फिरिन हे संयुग रक्तात वाढते. ही वाढ काही आठवड्यांनी दिसते आणि लोहाच्या कमतरतेतही होते, ही अडचण रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात दुर्लक्षिता येत नाही. नमुना शिरेतून घेणे इष्ट, कारण बोटाच्या त्वचेवरील धूळ मिसळल्यास आकडा खोटा चढतो.

पोटशूळ, मनगट लुळे पडणे व रक्तक्षय ही जुनी परिचित लक्षणे होत. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा ऱ्हास व शुक्राणूंतील दोष यांचा संबंध त्याहून कमी पातळ्यांशीही जोडला जातो, आणि मर्यादा उतरत गेल्या त्या बव्हंशी यामुळेच. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमात कामगाराला शिशाच्या कामावरून दूर करण्याची पातळी ६० (अनेक तपासण्यांच्या सरासरीसाठी ५०) होती. युरोपीय संघाने २०२४ मध्ये आपली ७० ची मर्यादा १५ वर आणण्याचे ठरवले, मात्र २०२८ अखेरपर्यंत ३० ची संक्रमणकालीन मुभा ठेवली. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही विषबाधा कळवण्याजोग्या रोगांत घातली व उपचार करणाऱ्या डॉक्टरवर ती मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवण्याची जबाबदारी टाकली. नोंदणी नसलेल्या छोट्या भट्ट्यांवरील कामगार या व्यवस्थेबाहेरच राहतात.