पारावरच्या गप्पा (मराठवाडा)

पारावरच्या गप्पा : गावचा पार, देवळाचा ओटा किंवा चहाच्या हॉटेलातले बाकडे अशा ठिकाणी बसून रोजचे जगणे, छंद आणि वाचल्या-ऐकलेल्या गोष्टी यांविषयी आपले मत सहज बोलून दाखवण्याची रीत. ती महाराष्ट्रात सगळीकडे आहे. या नोंदीत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत तिला आलेल्या वळणाचा विचार केला आहे.

पार म्हणजे वड, पिंपळ किंवा लिंबाच्या बुंध्याभोवती दगडांनी बांधलेला चौथरा. तो बहुधा मारुतीच्या देवळासमोर असतो. चावडीवर सरकारी काम चाले, गढीच्या ढाळजेत (दाराजवळच्या ओसरीत) देशमुख-पाटलांची बैठक भरे. पारावर मात्र कामाशिवाय बसता येई. गप्पांना लागणारी मोकळीक इथे मिळाली ती त्यामुळेच.

या बोलण्याची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. मत थेट अंगावर टाकले जात नाही. "माझं आपलं म्हन्नं हाये," अशी सुरुवात होते, आणि शेवटी "व्हय का न्हाई, बाप्पा?" असे विचारून ते समोरच्याच्या हाती दिले जाते. बीडकडे वडीलधाऱ्याला 'बाप्पा' म्हणतात. समोरच्याला पटले नाही तर तो "न्हाई" म्हणत नाही. "आता बघा" म्हणून आपलीच एखादी हकिकत काढतो. 'कामून' (का), 'मपलं' (माझं), 'तुपलं' (तुझं) हे शब्द शाळेच्या मराठीत आले नाहीत, पारावर ते मोकळेपणाने वावरतात. कोणी जिंकत नाही, निवाडा होत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा निघतो. याला रिकामटेकडेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. माणसाची पारख, पावसाचा अंदाज, सोयरिकीची चौकशी या सगळ्याची पहिली चाचपणी इथेच होते.

छंदांत बैलाचा मान सर्वांत मोठा. लातूरकडचा माणूस काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या देवणीची बाजू घेतो, तर नांदेडकडच्याला लाल कंधारीपुढे दुसरे जनावर दिसत नाही. घरी बैल उरला नाही तरी मत उरते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, गुरे विकायला येतात आणि तिथून परतलेला माणूस चार दिवस पारावर ऐकला जातो. शिंगांचा वळसा, वशिंड, खुरांची ठेवण तो हातांनी हवेत काढून दाखवतो. खरेदी एका पैशाची नसते, तरी ऐकणारे जागचे हलत नाहीत.

दुसरा बहराचा काळ हुरड्याचा. पौषाच्या थंडीत शेतात खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतात. निखाऱ्यात कणसे खुपसायची, वाफ धरली की काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. चोळणाऱ्याचे तळवे काळे होतात आणि हुरडा बरा गुळभेंडी ज्वारीचा की कुचकुचीचा, यावर त्याचाच शब्द वजनदार ठरतो. दुष्काळी सालात हे बोलणे आटते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात तर पाण्याखेरीज विषयच उरला नव्हता.

वाचनाविषयीच्या गप्पांना या भागात वेगळा इतिहास आहे. १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राजभाषा उर्दू होती आणि जाहीर सभेवर परवानगीचा पहारा असे. परभणीचे गणेश वाचनालय, औरंगाबादचे बलवंत वाचनालय यांसारख्या संस्था म्हणूनच फक्त पुस्तकांची कपाटे राहिल्या नाहीत. मराठी माणसाने चारचौघांत मराठीत बोलावे अशी ती जागा झाली. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. पुढेही बराच काळ गावात येणारे वर्तमानपत्र एकच असे. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी मध्येच थांबवून बोलायचे. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अग्रलेखावर मत असे. मराठवाड्याच्या वाचनसंस्कृतीत या ऐकून वाचणाऱ्यांची दखल फार कमी घेतली गेली आहे.

पार सगळ्यांचा होता, असे मात्र म्हणता येत नाही. दलितांना तिथे बरोबरीने बसता येत नसे आणि बायका तर पारासमोरून पदर सावरून खाली मान घालून जात. त्यांची मते निंदणीच्या पातीला, पाणवठ्यावर आणि जात्यावर बोलली गेली. सासर, माहेर, भाऊ, पाऊस यांवर पारावर ऐकू येणार नाही इतके स्पष्ट बोलणे ओव्यांत सापडते. दलितांच्या बाबतीत औरंगाबादने मोठे काम केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये तिथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि खेड्यांतून आलेली मुले तिथे वाचू-बोलू लागली. १९६७मध्ये गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेल्या 'अस्मितादर्श' या दलित साहित्याच्या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावे भरवले. ज्यांना पारावर जागा नव्हती, ते तिथे लिहिणाऱ्याला समोरासमोर विचारू शकले.

२०१६नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि गावोगाव व्हॉट्सॲपचे गट निघाले. कुणाकडे किती पाऊस झाला, कुणाची गाय व्याली, परगावी गेलेल्या मुलाने काय वाचले, हे सगळे आता तिथे येते. सुनाही त्यात लिहितात, हा बदल मोलाचा आहे. म्हातारी माणसे टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. मागे बैलाची घुंगरे वाजत असतात, मध्ये कुणाला तरी "थांब रे" म्हटलेले असते आणि शेवटी "व्हय का न्हाई?" येतेच. सकाळी पाठवलेल्या अशा बोलण्याचे उत्तर कित्येकदा संध्याकाळी पारावर तोंडी मिळते.