बिट्स पिलानीचा प्रवेश: बारावीचे गुण कुठवर चालतात?

सीईटीच्या कॅप राउंडसाठी, म्हणजे राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फेऱ्यांसाठी, जमवलेली डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअरची फाइल बिट्समध्ये उपयोगी पडत नाही. पिलानी, गोवा (झुआरीनगर) आणि हैदराबाद या तिन्ही कॅम्पसमध्ये बी.ई.ला जातनिहाय आरक्षण नाही, राज्याचा कोटा नाही आणि मॅनेजमेंट कोटाही नाही. गोव्याच्या कॅम्पसमध्ये गोवेकराला वेगळी जागा मिळत नाही. विद्यापीठ खासगी असलं तरी पैसे भरून मागच्या दाराने जागा मिळत नाही, त्यामुळे तसं सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

पात्रतेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून किमान 75 टक्के आणि या प्रत्येक विषयात किमान 60 टक्के लागतात. घोळ होतो तो या दुसऱ्या अटीत. समजा, मॅथ्समध्ये 88, फिजिक्समध्ये 84 आणि केमिस्ट्रीत 58 आहेत. बेरीज 300 पैकी 230, म्हणजे 76 टक्क्यांच्या वर. तरीही मुलगा अपात्र, मग बिटसॅटचा, म्हणजे बिट्सच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर कितीही असो. मराठी-इंग्रजीचे गुण या हिशेबात धरत नाहीत. बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी झालेली हवी, म्हणजे गॅप एकाच वर्षाचा चालतो.

हा उंबरठा ओलांडला की बारावीचं काम जवळपास संपलं. पुढची यादी बिटसॅटच्या गुणांवर लागते. (बोर्डात राज्यात पहिल्या येणाऱ्यांना थेट प्रवेशाची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर कुणी राहू नये.) तीन तासांत 130 प्रश्न, बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीला 1 वजा, एकूण 390. यात इंग्रजीचे 10 आणि लॉजिकल रीझनिंगचे 20 प्रश्न असतात. हे 90 गुण क्लासवाले शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, ते मला पटत नाही. पेपर फक्त इंग्रजीत असतो. अलीकडे परीक्षा दोनदा देता येते आणि त्यातला चांगला स्कोअर धरतात.

आता सर्वात जास्त चुकणारी गोष्ट. बिटसॅटचा फॉर्म भरणं म्हणजे प्रवेशाचा अर्ज करणं नव्हे. परीक्षेसाठी फोटो, सही आणि फी भरून नोंदणी होते. प्रवेशासाठी मात्र पुन्हा वेगळा ऑनलाइन अर्ज असतो. त्यात बारावीचे गुण भरायचे, गुणपत्रिका जोडायची आणि कॅम्पस-शाखांचा पसंतीक्रम द्यायचा. हा दुसरा अर्ज राहिला तर चांगला स्कोअरही वाया जातो. पसंतीक्रम भरताना यादी लांब ठेवा, पण जिथे जायचंच नाही ती शाखा टाकू नका. जागा लागली की ठरलेल्या मुदतीत पैसे भरावे लागतात, आणि फी सरकारी कॉलेजच्या मानाने बरीच जास्त आहे. घरची ऐपत बेताची असेल तर गुण आणि उत्पन्न दोन्ही पाहून फीमाफी देणारी मेरिट-कम-नीड योजना आहे. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची कागदपत्रं आधीच तयार ठेवा.