क्वीन्स गॅम्बिट आणि किंग्ज गॅम्बिट: कुठलं प्यादं खरंच जातं?

जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून पटावर नव्याने बसलेल्या मुलांचा एक हट्ट ठरलेला: "सर, गॅम्बिट शिकवा." गॅम्बिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच फायद्यासाठी प्यादं देऊ करणं. क्वीन्स की किंग्ज, असं विचारलं तर त्यांना दोन्ही सारखेच वाटतात. दोन्हींत दुसऱ्याच चालीला प्यादं पुढे केलं जातं, साम्य तेवढंच.

क्वीन्स गॅम्बिट म्हणजे डी४, डी५, सी४ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; चाली पांढरा, काळा अशा आळीपाळीने). यात प्यादं जातंय असं नुसतं दिसतं. काळ्याने ते मारलं, तर पांढरा ई३ खेळतो आणि उंटाने सी४चं प्यादं परत घ्यायला मोकळा होतो. काळा हट्टाने बी५ खेळून ते राखायला गेला की पांढरा ए४ खेळतो. काळ्याचं सी६, मग बी५वर मारामारी, आणि पांढरा वजीर एफ३वर! कोपऱ्यातल्या ए८च्या हत्तीपर्यंत तिरकी रेघ मोकळी. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट गमवावा लागतो. हे पटावर मांडून बघाच.

किंग्ज गॅम्बिटमध्ये (ई४, ई५, एफ४) मात्र जोखीम खरी आहे. एफचं प्यादं सरकलं की ई१पासून एच४पर्यंतची तिरकी रेघ उघडी पडते आणि काळा वजीर एच४वरून शह देतो. लंडनमध्ये १८५१ सालच्या गाजलेल्या डावात काळ्याकडून खेळणाऱ्या किझेरित्स्कीने पांढऱ्याकडून खेळणाऱ्या अँडरसनला असाच शह दिला. अँडरसनचा राजा एफ१वर गेला, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची चाल) संपलं. पुढे अँडरसनने दोन्ही हत्ती, एक उंट आणि वजीर देऊन २३व्या चालीला मात केली. मुलांना ती मात पाठ असते, चौथ्या चालीचा उघडा राजा कुणी बघत नाही.

१९६०मध्ये स्पास्कीच्या किंग्ज गॅम्बिटपुढे हरल्यावर फिशरने (दोघेही पुढे जगज्जेते झाले) पुढच्या वर्षी लेख लिहून तो मोडीत काढला. त्याचा उपाय: प्यादं मारा, पांढऱ्याचा घोडा एफ३वर आला की डी६. त्यामुळे घोड्याला ई५वर जागा मिळत नाही आणि पुढे जी५ खेळून जादा प्यादं राखता येतं.

तरीही किंग्ज गॅम्बिट प्रत्येक मुलाने रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावात, खेळावा, असं माझं ठाम मत आहे. एका चालीची किंमत तिथे लवकर कळते. रेटिंग स्पर्धेत, जिथे निकालावर खेळाडूचे गुण ठरतात, तिथे मात्र सी४च बरं. आणि समोरच्याने एफ४ टाकलं तर दबकू नका, मारा आणि डी६ लक्षात ठेवा.