एचआयव्हीबाधित मुलांचे दीर्घकालीन आरोग्य

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून आईकडून एचआयव्हीची लागण झालेली मुले विषाणुरोधक उपचार (एआरटी) घेत मोठी होताना त्यांची वाढ, बौद्धिक विकास, अवयवांचे कार्य आणि आयुर्मान कसे राहते, याचा विचार या विषयात होतो. उपचारांविना बाधित मुलांपैकी सुमारे निम्मी वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच दगावतात. त्यामुळे औषधे येईपर्यंत त्यांच्या बाबतीत ‘दीर्घकालीन’ या शब्दाला फारसा अर्थच नव्हता.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी आणि मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. तेव्हा ज्यांना औषध सुरू झाले ती मुले आज तरुण आहेत. नाशिकमध्ये जिल्हा शासकीय रुग्णालयातील, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘सिव्हिल’मधील, एआरटी केंद्रात औषधे व समुपदेशन मिळते.

उपचार कधी सुरू झाले, यावर पुढचे बरेच काही ठरते. दक्षिण आफ्रिकेतील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांच्या आतील बाळांना लगेच औषध दिल्यावर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. मात्र आईची प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिने) बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकत असल्याने ती शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीने निदान होत नाही. त्यासाठी सहाव्या आठवड्यापासून कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतून विषाणूची जनुकीय द्रव्ये शोधतात.

औषध लागू पडल्यावर वजन लवकर भरते, उंची मागे राहते. उशिरा सुरुवात झाल्यास ती तूट पूर्ण भरून निघेलच असे नाही. वयात येणे लांबते, आणि उपचारांपूर्वी मेंदूला वा फुप्फुसांना झालेली इजा विषाणू दबल्यावरही उरू शकते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांत कुपोषणाचा जुना प्रश्न असल्याने खुंटलेल्या उंचीचे खापर एकट्या विषाणूवर फोडता येत नाही.

औषधांचेही देणे असते. स्टॅव्हुडीनमुळे गाल व हातपायांची चरबी झडे, आणि चेहऱ्यावरूनच आजार ओळखू येई. ते आता वापरातून गेले आहे. झिडोव्हुडीनमुळे रक्तक्षय होऊ शकतो, तर टेनोफोव्हिर घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर व हाडांवर लक्ष ठेवावे लागते. कडू पातळ औषध बाळाच्या गळी उतरवताना घरोघरी होणाऱ्या झटापटीच्या तुलनेत डोल्युटेग्रॅव्हिरची पाण्यात विरघळणारी गोळी हा मोठाच दिलासा ठरला.

सर्वांत नाजूक काळ किशोरवयाचा. आजाराचे नाव मुलाला न सांगता ‘ताकदीची गोळी’ म्हणून वेळ मारून नेली, तर कळत्या वयात तो गोळीच सोडून देण्याचा धोका असतो; म्हणून जागतिक आरोग्य संघटना शालेय वयातच टप्प्याटप्प्याने सांगण्याची शिफारस करते. औषधांत वारंवार खंड पडल्यास विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी मजुरीला येणाऱ्या कुटुंबांत, किंवा आश्रमशाळेत सर्वांदेखत डबी उघडावी लागणाऱ्या मुलांत, असा खंड पडण्यामागे हलगर्जीपणापेक्षा परिस्थितीच अधिक असते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शिक्षणातील भेदभावाला बंदी आहे. बाधित कुटुंबातील १२ ते १८ वर्षांच्या जाणत्या भावंडाला धाकट्यांचे पालकत्वही त्यात मान्य केले आहे.

जन्मतः बाधित मुलींपैकी काही आता स्वतः आई झाल्या आहेत. उपचारांविना आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. नियमित औषधांनी ते ५ टक्क्यांच्या खाली येते.