वजनांच्या बेरजेतून निसटलेला मधला मार्ग

माल पाठवायचे तीन मार्ग आहेत असे धरा. पहिल्याला खर्च १ हजार रुपये आणि वेळ १० तास. दुसऱ्याला ६ हजार आणि ६ तास. तिसऱ्याला १० हजार आणि १ तास. खर्चाला आणि वेळेला वजने देऊन सर्वांत लहान बेरीज निवडली, तर दुसरा मार्ग कधीच हाती लागत नाही. वजने हवी तशी बदलून पाहा. तरी तो टाकाऊ नाही: पहिल्याहून वेगवान आहे, तिसऱ्याहून स्वस्त. बहुउद्दिष्ट शोधपद्धतींचा, म्हणजे एकाच वेळी अनेक उद्दिष्टे सांभाळणारी उत्तरे शोधण्याच्या पद्धतींचा, इतिहास मला या मधल्या मार्गाच्या शोधाचाच इतिहास वाटतो.

असा टाकाऊ नसलेला पर्याय म्हणजे एकाचे भले करताना दुसऱ्याचे नुकसान अटळ व्हावे असा; ही कल्पना अर्थशास्त्रातली. एजवर्थने १८८१ मध्ये आणि नंतर पॅरेटोने मांडलेली. संगणकापुढची अडचण वेगळी होती. ५० वस्तूंपैकी कोणत्या घ्यायच्या, एवढ्याच प्रश्नाला अकराशे लाख कोटींहून जास्त पर्याय असतात. सगळे तपासणे अशक्य, म्हणून ह्युरिस्टिक: सगळे न तपासता पुरेसे चांगले उत्तर शोधणारी पद्धत.

१९८५ मध्ये शॅफरने जेनेटिक अल्गोरिदममधल्या (चांगली उत्तरे निवडून त्यांतून पिढ्यामागून पिढ्या नवी उत्तरे घडवणाऱ्या पद्धतीतल्या) उत्तरांचे गट पाडून प्रत्येक गटाची निवड एकेका उद्दिष्टावर केली. एकेका बाबतीत तरबेज उत्तरे टिकली, मधली गळाली. गोल्डबर्गने १९८९ मध्ये सुचवले, की कोण कोणावर सर्व बाजूंनी वरचढ आहे हे पाहूनच क्रम लावावा. हे सूत्र आयआयटी कानपूरच्या श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी १९९४ मध्ये ‘एनएसजीए’त उतरवले. ती पद्धत संथ होती, शिवाय उत्तरांमधले अंतर राखायला एक आकडा वापरणाऱ्यालाच ठरवावा लागे. २००२ च्या ‘एनएसजीए-टू’ने तो आकडा काढून टाकला, चांगली उत्तरे पुढच्या पिढीत जपली आणि गर्दीतल्या उत्तरांपेक्षा विरळ जागेतल्यांना पसंती दिली. इतकी साधी, इतकी उपयोगी सुधारणा या क्षेत्रात क्वचितच झाली असेल. मधल्या काळात, १९९९ मध्ये, झित्झलर आणि थीले यांनी आपली ‘स्पी’ पद्धत नॅपसॅक प्रश्नावर, म्हणजे मर्यादित क्षमतेच्या पिशवीत कोणत्या वस्तू घ्यायच्या या प्रश्नावर, पारखली होती.

२००७ मध्ये झांग आणि ली यांच्या ‘एमओईए/डी’ पद्धतीने वजने परत आणली, पण बेरजेवर विसंबून न राहता. प्रत्येक उद्दिष्टात आदर्शापासूनची तूट मोजायची, तिला वजन द्यायचे आणि त्यांतली सर्वांत मोठी तूट कमीत कमी करायची, ही चेबिशेव्हच्या नावाची मोजणी त्यांनी वापरली. वरच्या उदाहरणात आदर्श म्हणजे १ हजार रुपये आणि १ तास. समान वजनांनी पहिल्या आणि तिसऱ्या मार्गाची मोठी तूट ९ येते, दुसऱ्याची ५.